दासीने दार का उघडलं?

तुम्ही कधी एकाच माणसाला एकाच गोष्टीबद्दल पाच वेळा 'का?' असं विचारलंय? घरी विचारून बघू नका. तिसऱ्या 'का'ला नवरा उठून गॅलरीत जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे! पण आमच्या कंपनीत हे रोजचं काम आहे, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आमची कंपनी चाकणला. गाडीच्या आत वायरींचा जो जाडजूड जुडगा असतो, तो आम्ही बायका बांधतो. दिवसभर पायाशी वायरींचे तुकडे पडत असतात. एकेक बघितला तर कचरा, पण शिफ्ट संपताना झाडून गोळा केले की पोतं भरतं. किस्स्यांचंही तसंच. गेल्या वर्षी आमच्या लाइनवरच्या अकरा जणी बाहेरून दहावीला बसल्या. माझी दहावी केव्हाच झालीय, पुढे शाळा सुटली. मी तपासणीच्या टेबलावर असते. "शोभाताई, तुम्ही नुसत्या आमच्याजवळ बसा, धीर येतो," असं म्हणाल्या, म्हणून बसले. आणि बसल्या बसल्या पोतं भरलं.

*

आधी रेखाचं सांगते, कारण तिच्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

रेखा परभणीकडची. लग्न होऊन काळेवाडीत आली, तेव्हा नववी झालेली. हात इतका साफ की तिचा जुडगा मी न बघताही पुढे पाठवला असता. एकदा गाडीच्या कंपनीकडून तक्रार आली, एका जुडग्यात कनेक्टर चुकीचा निघाला. जुडगा रेखाचा. तक्रारीच्या कागदावर 'मूळ कारण' असा एक रकाना असतो. त्यात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'माझं लक्ष नव्हतं. मी निष्काळजी आहे.' खाली सही.

कागद माझ्याकडे आला, मी परत पाठवला. आमच्याकडे नियमच आहे, मूळ कारणाच्या रकान्यात माणसाचा स्वभाव लिहायचा नाही. निष्काळजी, वेंधळी, आळशी, असलं काही लिहिलं की कागद परत! त्याऐवजी पाच वेळा 'का' विचारायचं. याला आम्ही 'व्हाय-व्हाय' म्हणतो.

मी तिला समोर बसवलं. "कनेक्टर चुकीचा का लागला?"

"दिसला न्हाई, ताई."

"का?"

"अंधारी आली डोळ्यापुढं."

"का?"

"सकाळपासून पाणी न्हवतं पोटात."

"का?"

"जागा सोडून कशी जाऊ? रिलिव्हर आलीच न्हाई."

रिलिव्हर म्हणजे आपण पाणी प्यायला, बाथरूमला जातो तेव्हा दहा मिनिटं आपल्या जागी उभी राहणारी बाई.

"ती का आली नाही?"

इथे रेखाने साहेबांच्या केबिनकडे नुसतं पाहिलं. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी रिलिव्हरला दुसऱ्या लाइनवर कामाला लावलं होतं. मी तेच लिहिलं. साहेब म्हणाले, "शोभाताई, हे जरा बदला." मी म्हटलं, "बदलते, साहेब. पण बदललेलं कारण तुमच्या अक्षरात हवं." साहेबांनी पेन परत खिशाला लावलं. त्या दिवसापासून आमची रिलिव्हर कुठेही हलली नाही!

पुढे रेखाला लाइन लीडर करायचं ठरलं. फक्त दहावी पास हवी.

*

इकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे आमचा वर्गही गुरुवारी दुपारी, काळेवाडीतल्या समाजमंदिरात. वरती पत्रे, एक फळा, आणि शिकवायला खैरनार सर. सर रिटायर झालेले, चिंचवडहून स्कूटरवर यायचे. फुकट शिकवायचे, एक गुरुवार चुकवला नाही. शिस्त मात्र अशी की उशीर झाला तर स्वतःच्या घड्याळालाही बोलायचे.

मराठीच्या पुस्तकात एका जुन्या नाटकाचा उतारा होता, तीन प्रवेशांचा. राजा लढाईला गेलाय. गडाला वेढा पडलाय. राणी गड लढवते. शेवटी एक म्हातारी दासी पहाटे मागचं लहान दार उघडते, तिथून शत्रू आत येतो आणि गड पडतो.

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'स्वभावचित्र. राणी : मानी, धोरणी, त्यागी. दासी : लोभी, कृतघ्न, विश्वासघातकी.' म्हणाले, "पाठ करा. तीन शब्द, तीन वाक्यं, चार मार्क."

आमच्यात सगळ्यात मोठ्या कमलअक्का. चाकणजवळच्या जुन्या गावातल्या, लग्नानंतर चिंचवडला आलेल्या. त्यांनी हात वर केला. "सर, दासी लोभी हाय हे कुनी ठरवलं?"

"गाईडमध्ये आहे."

"मंग गाईडनं तिला इचारलं व्हतं का?"

सर म्हणाले, "अहो अक्का, ती नाटकातली आहे."

"व्हय, पर दार तर तिनंच उघडलं ना? ज्यानं केलं त्याला इचारायचं का गाईडला?"

सरांनी फळा पुसायला घेतला. पुसायला काही नव्हतं तरी!

*

आमची बस काळेवाडीहून निघते, चिंचवडला थांबते आणि मग मोशीच्या पुढे जी अडकते ती अडकतेच. तेवढ्या वेळात आमचा अभ्यास. एक जण मोठ्याने वाचणार, बाकीच्या 'का' विचारणार. एकदा प्रश्न निघाला, राजा लढाईला का गेला? गाईडात 'पराक्रमी वृत्तीमुळे' असं होतं. म्हणजे पुन्हा स्वभाव! आमच्या नियमाने कागद परत.

आमचे ड्रायव्हर दत्ताभाऊ पुढून ओरडले, "मला विचारा ना राव! मी रोज पहाटे साडेचारला घर सोडतो, मला काय पराक्रमाची हौस हाय का? राजाच्या घरी पाहुणे आले असणार!"

आम्ही हसून हसून लोळलो. कमलअक्कांनी मात्र चष्मा लावला, पहिला प्रवेश काढला आणि बोट ठेवून वाचलं. "हितं राणी म्हनतीया, 'माझे तिघे बंधू गडावर मुक्कामाला आहेत.'"

दत्ताभाऊंनी हॉर्न वाजवला. दोनदा!

*

एक बारकासा किस्सा. सर वह्या तपासत होते. रेखाला दहापैकी सहा दिले, मग बेरीज चुकली म्हणून व्हाइटनर लावून सात केले. अकराच्या अकरा जणी एकदम किंचाळल्या, "सर, व्हाइटनर!"

सर दचकले. त्यांना वाटलं साप निघाला.

मी समजावलं, "सर, आमच्याकडे व्हाइटनर लावलं तर तपासणीला आलेला माणूस अख्खी फाइल परत करतो. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची. आधी काय होतं ते दिसलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. चूक झाली हे लपवायचं नाही, कोणी सुधारली ते लिहायचं."

सर म्हणाले, "ही शाळा आहे, शोभाताई, कंपनी नाही. शिक्षकाने चूक कबूल करून खाली सही केली, तर वर्ग चालेल का?"

"आमची लाइन तर चालते," रेखा हळूच म्हणाली.

*

मराठीच्या पुस्तकात नाटकाच्या उताऱ्यात कंस असतात बघा. कोण कुठे उभं, कोण काय घेऊन आलं, ते कंसात तिरक्या अक्षरात. सर ते गाळून वाचायचे. "कंसातलं परीक्षेला येत नाही."

पण आमची सवय वेगळी. आम्ही वायरी बांधतो त्या बोर्डावर कामाचा कागद लावलेला असतो, त्यात मोठी अक्षरं कोणीही वाचतं. चूक होते ती खालची बारीक ओळ न वाचल्याने. रेखाने बसमध्ये एकदा फक्त कंस वाचायला घेतले. तेही नुसते दासीचे.

"'दासी रिकामी घागर घेऊन येते आणि दाराशी उभी राहते.' हा पहिला प्रवेश. दुसरा, 'दासी तशीच उभी आहे.' तिसरा, 'दासी भिंतीचा आधार घेते.'" रेखा थांबली. "ताई, ही बाई पहिल्यापासून उभीच हाय. आन् घागर रिकामीच!"

मोशीचा ट्रॅफिक एकदम थांबल्यासारखा वाटला. तसा तो थांबलेलाच असतो म्हणा.

मग आम्ही व्हाय-व्हाय केलं. दार का उघडलं? खाली ओढा आहे, पाणी आणायला. पाणी का? घागर रिकामी. घागर का रिकामी? गडाच्या विहिरीवर राणीचा पहारा, पाणी फक्त लढणाऱ्यांना. दासीला का नाही? कमलअक्कांनी राणीचं भाषण काढलं. राणी गडावरची माणसं मोजते, शिपाई, तोफची, घोडेवाले, भाऊ, भावांचे नोकर. घोडेसुद्धा मोजते! दासी त्यात नाही.

"ती का मोजली नाही?" मी पाचवं 'का' विचारलं.

रेखाने पुस्तक मिटलं. "दाराशी उभ्या बाईला कोन मोजतंय, ताई."

आणि लोभाचं म्हणाल, तर शेवटच्या कंसात शत्रूचा सरदार दासीपुढे सोन्याचा कंठा टाकतो. पुढे लिहिलंय, 'दासी कंठ्याकडे न पाहता घागर उचलून जाते.' गाईड लिहिणाऱ्याने इथेही कंस गाळला होता!

*

फेब्रुवारीत सरांनी सराव परीक्षा घेतली. कंपनीच्या ऑफिसने आधीच सांगितलं होतं, सराव परीक्षेत पास होईल तिलाच बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांची सुट्टी. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी बघावं. आणि लाइन लीडरची जागा पुढच्या वर्षापर्यंत कोण राखून ठेवणार?

दहा जणी पास झाल्या. रेखा सगळ्या विषयांत पास, फक्त मराठीत सव्वीस. पास व्हायला अठ्ठावीस लागतात. 'दासीचे स्वभावचित्र रेखाटा' या चार मार्कांच्या प्रश्नाला तिने पानभर उत्तर लिहिलं होतं, घागरीपासून कंठ्यापर्यंत. सरांनी लाल पेनने शून्य दिलं होतं. नुसता गोल, मोठा.

आम्ही सरांपुढे उभ्या राहिलो. सर काही दुष्ट नव्हते, हे आधी सांगते. ते म्हणाले, "रेखा, बोर्डाचा परीक्षक दिवसाला शेकड्याने पेपर तपासतो. तो तीन शब्द शोधतो. लोभी, कृतघ्न, विश्वासघातकी. नाही सापडले, पुढचा पेपर. मला तुला नापास करायचं नाही. हा कोरा कागद घे. इथे बसून ते तीन शब्द लिही, मी आत्ता चार मार्क देतो. पुढच्या शुक्रवारी यादी तुमच्या ऑफिसात जायची आहे."

पाच मिनिटांचं काम होतं! आम्ही सगळ्या रेखाकडे बघत होतो. खरं सांगते, मलाही वाटलं, लिही बाई, काय बिघडतंय. नाटकातलीच तर बाई आहे.

रेखाने कागद घेतला नाही.

"न्हाई लिहायची, सर."

"अगं, वर्ष जाईल!"

"जाऊ द्या. मी एकदा लिहिलंय असं. स्वतःबद्दल लिहिलं होतं, निष्काळजी म्हणून. ताईंनी कागद परत पाठवला म्हणून वाचले. हिचा कागद कोन परत पाठवणार?"

सर म्हणाले, "हट्टीपणा आहे हा."

कमलअक्का म्हणाल्या, "सर, हा परत स्वभाव झाला!"

सरांनी स्कूटरला किक मारली. ती सुरू व्हायला सात किका लागल्या, आणि एकाही किकेला कोणी हसलं नाही.

*

आता शेवटचा. सर्वांत आवडता.

पुढचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी यादी ऑफिसात जाणार. मी घरून ठरवून आले होते. भांडायला मला जमत नाही, आवाज कापतो. म्हणून मी नुसतं म्हटलं, "सर, परीक्षेआधी एकदा तिन्ही प्रवेश मोठ्याने वाचूया का?"

सरांना वाचन आवडायचं. त्यांचा नियम होता, उच्चार चुकला की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. "वाचा," ते म्हणाले.

मी वाटणी केली. राणी मी. राणीचे तीन भाऊ आणि शिपाई आमच्यातल्याच. शत्रूचा सरदार म्हणून दत्ताभाऊंना बोलावून घेतलं होतं, ते नवा शर्ट घालून आले. सेनापती कमलअक्का. कंस वाचायला रेखा.

"आणि दासी?" सरांनी विचारलं.

"माणसं संपली, सर," मी म्हटलं. "तिला बोलायला काहीच नाही. नुसतं उभं राहायचंय."

सर हसले. "एवढंच ना? आयुष्यभर उभा राहूनच शिकवलंय मी!"

कमलअक्कांनी घरून आणलेली स्टीलची कळशी त्यांच्या हातात दिली. रेखाने वाचलं, "'दासी रिकामी घागर घेऊन येते आणि दाराशी उभी राहते.'" सर समाजमंदिराच्या दाराशी उभे राहिले. दार लावलेलं होतं.

आता आमचं वाचन कसं असतं ते सांगते. बारा बायका आणि एक ड्रायव्हर! 'दुर्गरक्षणार्थ' हा शब्द दत्ताभाऊंच्या तोंडी आला, तो सहाव्यांदा बरोबर निघाला. प्रत्येक वेळी सरच म्हणायचे, "पुन्हा. वाक्य पहिल्यापासून." पहिला प्रवेश संपायला अर्धा तास गेला. वरचे पत्रे तापले होते. सरांनी कळशी या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या प्रवेशात राणी माणसं मोजते. मी मोजलं. शिपाई, तोफची, भाऊ, नोकर, घोडे. मोजताना मी सरांकडे पाहिलं नाही, कारण राणी पाहत नाही. रेखाने वाचलं, "'दासी तशीच उभी आहे.'" सरांनी खिशातून रुमाल काढला आणि मानेवरून फिरवला.

मला राहवलं नाही. राणीचं वाक्य सोडून मी म्हटलं, "सर, खुर्ची देऊ?"

"पुस्तकात आहे का खुर्ची?" सर म्हणाले. आवाज कोरडा पडला होता. "नाही ना? मग वाचा. वाक्य पहिल्यापासून."

तिसरा प्रवेश सुरू झाला. राणी आणि सेनापती गडाच्या मानमर्यादेवर बोलतात, ते चांगलं दोन पानं आहे. कमलअक्कांची जीभ 'प्रतिष्ठे'वर अडखळत होती. पण आता सर 'पुन्हा' म्हणत नव्हते. त्यांनी खांदा भिंतीला टेकला. "'दासी भिंतीचा आधार घेते,'" रेखा वाचून गेली, आणि वाचल्यावर तिचं तिलाच कळलं.

बाहेर अंगणात पाण्याचा ड्रम आहे, त्याला नळ. नळ नीट बंद होत नाही. दाराच्या फटीतून त्याची टपटप ऐकू येते. आम्हाला आत बसून कधी जाणवली नव्हती.

कमलअक्का वाचत होत्या. दासीने दार उघडायचं, ते अजून एका पानाने पुढे होतं. रेखाने तो कंस वाचलाच नव्हता.

सरांनी दार उघडलं.

ते कळशी घेऊन बाहेर गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ तो चालू होता. दत्ताभाऊंनी तोंडावर हात ठेवला होता. सर परत आले तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती आणि कळशी भरलेली होती. त्यांनी ती आमच्या मधोमध ठेवली, फळ्याजवळची पिशवी उचलली आणि वर्ग सुटला असं न सांगताच गेले. स्कूटर पहिल्या किकेला सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आम्ही काळेवाडीच्या स्टॉपवर पोचलो, तेव्हा खैरनार सर आमच्या आधी येऊन उभे होते. त्यांनी रेखाच्या हातात तिचा मराठीचा पेपर दिला. शून्यावर एक आडवी रेघ होती, शेजारी चार लिहिले होते, आणि बाजूला तारीख घालून त्यांची सही होती.